रात्री नऊचा लॅग: कोल्हापुरातल्या एका पीसीची पूर्ण केस

गणपतीला मामाकडे कोल्हापूरला गेले होते, पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर मामेभाऊ मला वर त्याच्या खोलीत घेऊन गेला. घरात त्याला सगळे बारक्याच म्हणतात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "ताई, तू ऑफिसात नेटवर्कचंच बघतीस न्हवं, मग हे जरा बघ की, सहा महिने झालं लई वैताग आलाय." व्हॅलोरंट हा पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन गेम खेळतो तो, चार मित्र ठरलेले, पाचवा हा. रोज रात्री नऊनंतर लॅग, म्हणजे गेम उशिरा प्रतिसाद देणं, सुरू व्हायचा, ऐन राउंडमध्ये हा अडकायचा आणि टीम हरायची, शेवटी मित्रांनी त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यायला सुरुवात केली. हे सांगताना पोरगं खरंच रडकुंडीला आलेलं. बाहेरच्याला वाटेल गेमच तर आहे, पण त्या वयात रात्रीचे ते दोन तास म्हणजे मित्रांचा कट्टाच असतो आणि त्यातून बाहेर पडणं फार लागतं, म्हणून मी म्हटलं बसू या, नीट शोधू या.

आधी काय काय करून झालंय ते विचारलं. डीएनएस बदलून बघितलेला, विंडोज दोनदा फॉरमॅट, एक गेम बूस्टर म्हणून सॉफ्टवेअर टाकलेलं, व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत दोन-तीन व्हॅल्यू घातलेल्या, एक महिना व्हीपीएनचे पैसे भरलेले, आणि शेवटी मामाला सांगून प्लॅन 30 वरून 50 एमबीपीएसचा करून घेतलेला. फरक शून्य. आणि यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी फरक पडणारच नव्हता. डीएनएसचं काम नावाचा पत्ता शोधून देणं एवढंच, मॅच सुरू झाली की तुमचा पीसी थेट गेमच्या सर्व्हरच्या पत्त्यावर पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतो, तिथे डीएनएस मधे येतच नाही. प्लॅनचं म्हणाल तर अशा गेमला एक-दोन एमबीपीएसच्या वर काही लागत नाही, पॅकेट वेळेवर पोचणं महत्त्वाचं. स्पीड टेस्ट तो रोज दुपारी लावायचा आणि ती 48-49 दाखवायची, त्यामुळे नेटवाल्या लोकल ऑपरेटरचा माणूस दोनदा येऊन "स्पीड तर बरोबर आहे" म्हणून गेला, आणि त्याचंही चूक नव्हतं.

पण बारक्याने एक काम फार चांगलं केलेलं. एका दोनशे पानी वहीत तो रोजचा लॅग लिहून ठेवायचा, तारीख, कधी सुरू झाला, कधी थांबला, पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) किती होता. मी ती वही चाळत बसले. दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, दिवसभरात कधीही येणारे बारीकसारीक झटके, 60, 110, 85 असे, त्यांना काही वेळ काळ नाही. दुसरं, रात्री नऊ-सव्वानऊला सुरू होणारा मोठा लॅग, साडेतीनशे-चारशेचा, सतरा-अठरा मिनिटं टिकणारा आणि मग आपोआप जाणारा. आणि रविवारच्या पानावर हा मोठा लॅग जवळजवळ नाहीच. रविवारी रात्री तर सगळी गल्ली नेटवर असते, मग ऑपरेटरच्या लाईनवर लोड येतो म्हणावं तर रविवारी जास्त त्रास व्हायला हवा होता. हे मला तेव्हाच खटकलं, पण कारण कळायला अजून दोन दिवस गेले.

त्या रात्री पहिलं काम केलं ते म्हणजे गेमच्याच व्हिडिओ सेटिंगमध्ये स्टॅट्समध्ये जाऊन क्लायंट एफपीएस (पीसी सेकंदाला किती चित्रं काढतो), नेटवर्क आरटीटी (सर्व्हरपर्यंतचा पिंगच) आणि पॅकेट लॉस (किती पॅकेट वाटेत हरवली) हे तीन आकडे स्क्रीनवर सुरू केले. बारक्या तिन्ही त्रासांना लॅगच म्हणायचा, माणूस मागे खेचला गेला की लॅग, समोरचा टेलिपोर्ट झाला की लॅग, स्क्रीन अडखळली की पण लॅग. दोन मॅच बघितल्या. स्मोक टाकला, दोघं-तिघं एकदम भिडले की एफपीएस 110 वरून 35 वर, पण तेव्हा आरटीटी जागचा हलत नव्हता. म्हणजे हा पीसीचा त्रास, नेटचा नाही. बाकी वेळी एफपीएस ठीक आणि आरटीटी उड्या मारतोय. दोन वेगळे आजार आहेत हे पहिल्या तासातच कळलं, आणि हे वेगळं न काढता नुसती औषधं करत राहिलात तर एक बरा झाला तरी कळणार नाही कारण दुसरा चालूच असतो, त्याचं सहा महिने हेच झालेलं.

पीसीचा भाग लवकर सुटला. प्रोसेसर रायझन 5 5600जी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, आतलं वेगा ग्राफिक्स वापरायचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे उजव्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं, स्पीड 2666, स्लॉट्स यूज्ड 1 ऑफ 2. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते सगळं रॅममधून ओढतं, म्हणून रॅम एकच काडी असली की रस्ता एका लेनचा होतो. डीडीआर4 2666 ची एक काडी म्हणजे सेकंदाला 21 जीबीच्या आसपास, 3200 च्या दोन काड्या म्हणजे 51. शिवाय 8 जीबीतलीच थोडी ग्राफिक्सला जाते, वर डिस्कॉर्ड आणि क्रोमचे वीस टॅब, मेमरी 91 टक्के भरलेली. त्याच्या आधीच्या काडीवर 3200 च लिहिलेलं होतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचा पर्याय) चालू नसल्यामुळे ती 2666 वर चालत होती. दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतून तशीच 8 जीबीची काडी आणली, एक्सएमपी चालू केलं, एफपीएस पडला तरी 90 च्या खाली जाईना. बायोसमध्ये शिरलात तर सिक्युअर बूटला मात्र चुकूनही हात लावू नका, ते बंद झालं तर विंडोज 11 वर व्हॅलोरंट उघडणारच नाही आणि नवीनच त्रास मागे लागेल.

आता नेट. माझी पद्धत साधी आहे, पीसीपासून बाहेरच्या दिशेने एकेक टप्पा तपासत जायचं. दोन काळ्या कमांड विंडो शेजारी शेजारी उघडल्या, एकीत पिंग 192.168.1.1 -टी म्हणजे घरातला राउटर, दुसरीत पिंग 1.1.1.1 -टी म्हणजे घराबाहेरचं. राउटर खाली हॉलमध्ये, तिथवरचा पिंग एक-दोन मिलिसेकंदांच्या वर जायचं कारणच नाही, पण विंडोत 2, 3, 2, 67, 4, 118, 2, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आउट. घरातल्या घरात ही अवस्था, तर गेमच्या मुंबईतल्या सर्व्हरला दोष देऊन काय उपयोग.

पीसीला वायफाय होतं ते कॅबिनेटच्या मागे लावलेल्या छोट्या यूएसबी डाँगलवर, 2.4 गिगाहर्ट्झचं. मी पीसीमागे टॉर्च मारून बघितलं तर डाँगल यूएसबी 3 च्या पोर्टला, आणि त्याला चिकटूनच बाहेरच्या हार्डडिस्कची यूएसबी 3 वायर. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, यूएसबी 3 च्या वायरी आणि पोर्टमधून जी खरखर बाहेर पडते ती नेमकी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, इंटेलने 2012 मध्येच यावर पेपर काढलाय. वर पत्र्याचं कॅबिनेट, मधे स्लॅब, आणि शेजारपाजारची चौदा वायफाय. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, त्यात चौदा घरं बसवायची म्हटल्यावर गर्दी होणारच. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, पॅकेट आपटलं की परत पाठवायचं, आणि ते परत पाठवणं म्हणजेच वहीतले ते दिवसभराचे बारीक झटके. व्हिडिओ बघताना हे कळत नाही कारण व्हिडिओ पुढचं भरून ठेवतो. गेमला तसं पुढचं भरून ठेवता येत नाही, व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशोब करतो, म्हणजे दर 7.8 मिलिसेकंदाला एक, तिथे 118 चा झटका म्हणजे पंधरा हिशोब तुमच्याशिवाय झाले.

यावर पक्का उपाय एकच, वायर. 25 मीटर कॅट 6 नेटवर्क केबल आणली, दुकानात मुद्दाम विचारून पूर्ण तांब्याची घेतली, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते आणि ती लांब पल्ल्याला त्रास देते. जिन्याच्या कठड्याच्या आतून, खिडकीच्या चौकटीतून वर घेतली. क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, बारक्यालाच करायला लावलं. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम तो पुटपुटत बसला. पहिल्या वेळी लावलं तर विंडोजने लिंक स्पीड 100 दाखवला, 1000 नाही. नेट चालत होतं, म्हणून तो म्हणाला राहू दे की ताई. पण 100 ला चारातल्या दोनच जोड्या लागतात आणि 1000 ला चारही, म्हणजे कुठली तरी जोडी बसलेली नाही. कनेक्टर उजेडात धरला तर निळी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, पितळी पात्याच्या एक-दीड मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. कापून परत क्रिंप केलं, 1000 आलं. राउटरचा पिंग एकच्या खाली, तासभर बघितलं, एकही झटका नाही. गेममध्ये आरटीटी 23-24. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर, काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन चारच मिलिसेकंद, बाकीचे मधल्या वळणांचे आणि उपकरणांचे. 24 म्हणजे उत्तमच.

बारक्या खूश, मित्रांना फोन पण करून झाला. आणि रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आरटीटी 388.

त्याचा चेहरा एवढासा झाला. पण मला आता बरं वाटत होतं, कारण वायर टाकल्यामुळे घरातली सगळी खरखर गेली होती आणि उरलेलं अगदी स्वच्छ दिसत होतं. दोन्ही विंडो चालूच ठेवलेल्या. राउटरची ओळ: एकच्या खाली, एकच्या खाली, एकच्या खाली. बाहेरची ओळ: 22, 23, 61, 140, 262, 388, 391, 385. म्हणजे पीसी ते राउटर ठणठणीत, राउटरच्या पलीकडे कुठेतरी रांग लागलेली. आणि 385 ला जाऊन तो स्थिर राहतोय, वर-खाली उड्या नाहीत. लाईन खराब असती तर पॅकेट गळाली असती, आकडे वेडेवाकडे आले असते. असा चढत जाऊन एका उंचीवर टेकलेला पिंग म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली, हे मी कामावर कितीतरी वेळा बघितलंय.

मी खाली गेले आणि विचारलं आत्ता घरात कोण काय करतंय. मामा टीव्हीवर बातम्या, डिशवर, नेटचा संबंध नाही. आजी झोपलेली. मामी स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या आणि त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, स्क्रीनवर अपलोड 31 टक्के.

मामी आरी वर्कचे क्लास घेतात, ब्लाऊजवरचं भरतकाम, आणि गेल्या सहा-सात महिन्यांपासून रोज एक व्हिडिओ टाकतात. टाका कसा घातला ते बायकांना स्पष्ट दिसावं म्हणून 4के मध्ये काढतात. दिवसभर क्लास, संध्याकाळी स्वयंपाक, जेवणं झाली की अपलोड लावून ओटा आवरायचा. रविवारी क्लास बंद म्हणून व्हिडिओ नाही. वहीतला रविवार तिथे सुटला. हिशोब पण जुळला, त्यांची फाइल अडीच जीबीच्या आसपास, प्लॅनमध्ये डाऊनलोड 50 असला तरी अपलोड 20 च, अडीच जीबी म्हणजे वीस हजार मेगाबिट, भागिले 20, एक हजार सेकंद, जवळपास सतरा मिनिटं. वहीत हेच होतं. स्पीड टेस्ट दुपारी लावायचा म्हणून सापडत नव्हतं, आणि बारक्याने बघितला तो कायम डाऊनलोडचाच आकडा.

आता एक अपलोड सगळ्या घराचा पिंग चारशेला कसा नेतो, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत रात्रीचा लॅग हाच असतो, मामींच्या जागी कुणाचं फोटो बॅकअप असतं, कुणाचे सीसीटीव्ही, कुणाच्या विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन जे तुमच्या अपडेट दुसऱ्यांच्या पीसीला पाठवत बसतं. अपलोड करणारा फोन वेग वाढवत जातो, कुठेतरी पॅकेट पडलं की त्याला कळतं की आता बास. पण स्वस्त राउटरमध्ये मोठा बफर ठेवलेला असतो, तो पॅकेट पडूच देत नाही, साठवत जातो, मग फोनला वाटतं अजून जागा आहे आणि तो टाकतच राहतो. समजा बफर 1 एमबीचा आहे, म्हणजे 8 मेगाबिट, 20 च्या वेगाने तो रिकामा व्हायला 0.4 सेकंद, म्हणजे 400 मिलिसेकंद. तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट येतं आणि या रांगेत शेवटी उभं राहतं. म्हणून पिंग 24 अधिक रांग. याला बफरब्लोट म्हणतात, 2010 च्या सुमारास जिम गेटिस या अमेरिकन इंजिनिअरला स्वतःच्या घरच्या नेटवर फाइल कॉपी करताना हे सापडलं आणि त्याने ते जगापुढे मांडलं, 2012 मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाची पद्धत काढली. ती रांग किती लांब हे बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे हे बघते, 5 मिलिसेकंदांच्या वर ताटकळणं 100 मिलिसेकंद चालू राहिलं की एखादं पॅकेट टाकून देते, पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो हळू होतो.

मामींना कळलं तेव्हा त्या एकदम ओशाळल्या, "अगं मला सांगायचं नाही का, मी सकाळी लावत जाईन." बारक्या पण लगेच म्हणाला, "आई, तू दहा वाजता लाव की." मला ते पटलं नाही. त्यांचं ते काम आहे, त्यावर क्लासला मुली येतात, आणि घरातलं नेट दोघांचं आहे. शिवाय आज मामींचा फोन आहे, उद्या मामाचं बॅकअप असेल, कुणाकुणाला वेळा वाटून देणार.

पुण्याहून मी माझा जुना राउटर मागवून घेतला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. ऑपरेटरच्या माणसाला फोन केला, त्याने काहीही आढेवेढे न घेता त्यांची ओएनटी (फायबरची लाईन जिथे येते तो डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती पॅकेट पुढे देणारी, करून दिली आणि लॉगिन आमच्या राउटरमध्ये टाकून दिलं. मग एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज बसवलं, त्यात केक ही पद्धत निवडली, कोडेलच्याच घराण्यातलं आहे पण घरातल्या प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा पण देतं. अपलोड 18000, डाऊनलोड 45000 (हे आकडे केबीपीएसमध्ये, म्हणजे 18 आणि 45 एमबीपीएस), आणि ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पॅकेटवरचा जादा भार, 44 बाइट. खऱ्या वेगापेक्षा दहा टक्के कमी लिहायचं, हे मुद्दाम, म्हणजे रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि आपल्या राउटरला ती सांभाळता येते. आकडा पूर्ण 20000 च ठेवलात तर काहीच फरक पडणार नाही, लोक इथेच चुकतात आणि म्हणतात चालत नाही. राउटर फारच जुना असेल आणि लाईन 200-300 एमबीपीएसची असेल तर त्याच्या प्रोसेसरला हे झेपत नाही, तेही आधी बघा. ओपनडब्ल्यूआरटी जमत नसेल तर राउटरच्या क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा) सेटिंगमध्ये अपलोड करणाऱ्या त्या एका फोनला मर्यादा घातली तरी बराच फरक पडतो.

रात्री नऊ वाजता सगळे वर खोलीत. मामींनी अपलोड सुरू केलं. बाहेरची ओळ: 23, 24, 29, 31, 28, 30. बारक्या स्क्रीनकडे न बघता त्या काळ्या विंडोकडेच बघत होता. अपलोडला आता साडेअठरा मिनिटं लागतात, आधीपेक्षा दोन जास्त. मामी म्हणाल्या, "एवढंच ना, चालतंय की."

ट्रेसर्ट, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी कमांड, तिच्याबद्दल पण सांगून ठेवते, कारण बारक्याने ऑपरेटरशी त्यावरून दोनदा भांडण काढलेलं. त्याच्या ट्रेसर्टमध्ये तिसऱ्या टप्प्याला नुसत्या चांदण्या (*) यायच्या आणि त्याला वाटायचं तिथेच पॅकेट गळतंय. मधले राउटर अशा विचारणांना उत्तर देणं मुद्दाम कमी करतात किंवा देतच नाहीत, ते दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवण्यात गुंतलेले असतात. पुढचे टप्पे आणि शेवटचा पत्ता व्यवस्थित उत्तर देत असेल तर मधल्या चांदण्यांना काही अर्थ नाही. एका टप्प्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे तेवढाच लॉस दिसत असेल तरच तक्रार करा, आणि स्क्रीनशॉट लॅग चालू असतानाचा पाठवा.

पुण्याला परत येऊन तीन आठवडे झाले तेव्हा बारक्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 23, 24, 24, 31 आणि पुढे कंसात "आई अपलोड", परत 24. मधेच एका ओळीत 71. मी विचारायच्या आतच त्याचा फोन आला, "ताई, पिंग 71 आला होता पण राउटरची ओळ बरोबर होती, 1.1.1.1 पण 23 च, मग म्हटलं रांग नाही, लाईन पण ठीक, म्हणजे पत्ताच वेगळा असणार. बघितलं तर मित्राने पार्टी बनवताना सर्व्हरमध्ये सिंगापूरवर टिक ठेवलेली." मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत एकोणचाळीसशे किलोमीटर, तिथे केबलने जाऊन येऊन चाळीसच्या खाली येणारच नाही, हे पण त्यानेच मला हिशोब करून सांगितलं. टिक काढली म्हणाला, आणि फोन ठेवायची घाई होती कारण पाचवा म्हणून त्यालाच बोलावलेलं.